रहाडीतला धप्पा, ४के आणि १००० फ्रेम: कॅमेरा खराब नाहीये, हिशोब चुकलाय

तुमचा प्रश्न मला समजला तो असा, चुकलं तर सांगा. सेकंडहँड सोनी आरएक्स१०० मार्क ४ घेतला, रंगपंचमीला नाशकात तिवंध्याच्या रहाडीवर, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदावर गेलात, लोकांचे धप्पे, म्हणजे हौदातल्या उड्या, सेकंदाला १००० फ्रेमवर स्लो मोशनमध्ये काढले, आणि घरी येऊन बघितलं तर सगळं दाणेदार आणि धुरकट. त्यात निम्मे धप्पे आलेच नाहीत, माणूस पाण्यात गेल्यानंतरचे नुसते शिंतोडे. मग बहिणीच्या हळदीला लॉन्सवर तेच करून बघितलं तर व्हिडिओ लुकलुकतोय. आणि ४के काढलेलं लॅपटॉपवर अडकत अडकत चालतं. तर कॅमेरा फॉल्टी आहे का, ज्याच्याकडून घेतला त्याला परत द्यावा का, की सरळ नवीन फोन घ्यावा.

परत देऊ नका. मी नाशकात लग्नं आणि छोट्या जाहिराती शूट करतो, १६ वर्षं झाली, आणि मोठा कॅमेरा असताना सुद्धा खिशात असलाच एक कॉम्पॅक्ट असतो. तुम्ही जे जे सांगितलंय ते सगळं माझ्याकडूनही झालेलं आहे. एकच धरून चालतोय की कार्ड ओरिजिनल आहे आणि लेन्स आतून स्वच्छ आहे. ते आधी तपासा, नाहीतर पुढचं सगळं वाचून उपयोग नाही.

खरा घोळ काय आहे तर बॉक्सवर ४के पण लिहिलंय आणि सुपर स्लो मोशन पण लिहिलंय, त्यामुळे आपल्याला वाटतं दोन्ही एकत्र मिळणार. तसं नाहीये, या दोघी सवती आहेत. सेन्सरवरून एका सेकंदात किती माहिती वाचून घ्यायची याला कॅमेऱ्याची एक मर्यादा असते. या कॅमेऱ्याच्या मेनूत क्वालिटी प्रायॉरिटी ठेवली तर २५० फ्रेमला तो सेन्सरवरून १८२४ बाय १०२६ पिक्सेल घेतो, ५०० ला १६७६ बाय ५६६ आणि १००० ला फक्त ११३६ बाय ३८४. आता प्रत्येकाचा फ्रेमशी गुणाकार करून बघा. तिन्ही वेळेला उत्तर सेकंदाला ४३ ते ४७ कोटी पिक्सेलच्या आसपासच येतं. म्हणजे नळाला येणारं पाणी तेवढंच, तुम्ही दोन हंडे भरा नाहीतर वीस तांबे भरा. आणि नंतर कॅमेरा त्या ११३६ बाय ३८४ च्या पट्टीला ओढून ताणून १९२० बाय १०८० करून देतो, फाईलवर फुल एचडी लिहिलेलं असतं, आपण खूश. ४केच्या एका फ्रेममध्ये जवळपास ८३ लाख पिक्सेल असतात, तुमच्या १००० वाल्या फ्रेममध्ये साडेचार लाख पण नाहीत. १९ पटीचा फरक आहे तो, दाणेदार दिसणारच.

वर शूट टाईम प्रायॉरिटी चालू असेल तर अजून खाली जातं, तेव्हा १००० ला ८०० बाय २७० एवढंच उरतं. मेनूत जाऊन हे आधी बघा, माझा अंदाज आहे की आधीच्या मालकाने तेच ठेवलेलं असणार, कारण त्यात रेकॉर्डिंगला जास्त सेकंद मिळतात.

मग १००० वापरायचंच नाही का? वापरायचं, पण ती गोष्ट तेवढी वेगात घडत असेल तर. मी शूटच्या आधी नेहमी मनात एकच हिशोब करतो, की ही गोष्ट प्रत्यक्षात किती वेळ चालते. रहाडीचंच घ्या. काठावरून माणूस उडी मारतो, समजा दीड मीटर खाली पडला, तर त्याला अर्ध्या सेकंदापेक्षा किंचित जास्त वेळ लागतो. २५० फ्रेमवर काढून २५ ने चालवलं की हा धप्पा साडेपाच सेकंदांचा होतो. उडी, हवेतले हातपाय, पाणी फाकणं, सगळं छान दिसतं. तोच १००० वर काढला तर बावीस सेकंद! बावीस सेकंद एक माणूस हवेत लटकलेला कोण बघणार हो, त्याची आई सुद्धा पुढे ढकलेल.

आता ढोल घ्या. ढोलाच्या पानावर थोडा गुलाल टाकायचा आणि टिपरू पडताना जवळून काढायचं. टिपरू पानाला टेकून उठतं ते डोळ्याला दिसत सुद्धा नाही इतक्या कमी वेळात, तिथे ५०० किंवा १००० ला अर्थ आहे, गुलाल उडताना असा काही दिसतो की रिझोल्यूशन कमी आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही. फुगा फुटणं, पाण्याचा थेंब, तव्यावर मोहरी तडतडणं, ही सगळी त्याच गटातली. माणसाची हालचाल मात्र २५० च्या वर नेऊ नका. आणि माणूस नाचतोय, चालतोय, केस उडवतोय असलं काही असेल तर २५० पण नको, १०० पुरे.

या १०० कडे फार लोक बघतच नाहीत आणि माझं जवळपास सगळं स्लो मोशन यावरच चालतं. तुमच्या कॅमेऱ्यात साध्या व्हिडिओ मोडमध्ये एक्सएव्हीसी एस एचडी हा फाईल प्रकार निवडला की १००पी चा, म्हणजे सेकंदाला १०० फ्रेमचा, पर्याय आहे. हे खरं फुल एचडी, सलग चालतं, दोन-चार सेकंदांची अट नाही, आवाज पण रेकॉर्ड होतो. एडिटिंगला २५ च्या टाईमलाईनवर घेऊन स्पीड २५ टक्के केला की चार पट स्लो. हाय फ्रेम रेट, म्हणजे एचएफआर, या तुमच्या २५०-५००-१००० वाल्या मोडमध्ये आवाज अजिबात येत नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल. फक्त २५पी वर काढलेली क्लिप नंतर सॉफ्टवेअरमध्ये ओढून स्लो करू नका, नसलेल्या फ्रेम ते मनाने भरतं आणि हाताची बोटं जेलीसारखी होतात.

निम्मे धप्पे का हुकले ते आता. हा मोड साध्या रेकॉर्डिंगसारखा चालतच नाही. डायल एचएफआरवर घेतला की आधी मधलं बटण दाबून स्टँडबाय करावं लागतं, तिथेच फोकस, एक्स्पोजर आणि झूम लॉक होतात. मग रेकॉर्ड दाबलं की साधारण दोन सेकंद आत मेमरीत भरतात, आणि त्यानंतर कॅमेरा ते कार्डावर लिहीत बसतो. लिहिणं चालू असताना तुम्ही काही करू शकत नाही, समोर काहीही घडो. तुमचा ट्रिगर स्टार्टवर असणार. म्हणजे माणूस उडी मारतोय असं बघून तुम्ही बटण दाबलं, बोट हलेपर्यंत तो पाण्यात. मेनूत ट्रिगर टायमिंग एंडवर करा. मग बटण दाबल्यावर कॅमेरा त्या आधीचे दोन सेकंद सेव्ह करतो. धप्पा बघायचा, पाणी उडालेलं बघायचं, आणि मग निवांत दाबायचं. पहिल्यांदा करताना जादूच वाटते.

यावरून माझी एक फजिती सांगतो. एका लग्नात मला अक्षता स्लो मोशनमध्ये हव्या होत्या. कॅमेरा नवीन होता, हात शिवशिवत होते. पहिल्या मंगलाष्टकाला 'सावधान' झालं, अक्षता पडल्या, दाबलं, मस्त आलं. दुसऱ्याला पण दाबलं. असं करत करत शेवटच्या अष्टकाच्या जरा आधी उगाच एकदा दाबलं गेलं आणि कॅमेरा बसला लिहीत. इकडे अंतरपाट खाली, हार गळ्यात, बँडवाल्याने सुरुवात पण केली आणि मी स्क्रीनवरची पट्टी भरायची वाट बघतोय. नशीब की दुसऱ्या कॅमेऱ्यावर पोरगा होता. तरी मुलीचे मामा नंतर दोनदा विचारून गेले, तो स्लो मोशनवाला शॉट कुठंय म्हणून. तेव्हापासून जो क्षण एकदाच येतो त्यावर मी हा मोड लावतच नाही, तिथे १००पी सलग चालू ठेवतो. लिहिणं अर्ध्यात तोडायचं असेल तर मधलं बटण दाबून तोडता येतं, तिथपर्यंतचं राहतं, पण ऐनवेळी ते आठवत नाही.

आता उजेड. साध्या २५पी ला शटर १/५० ठेवतो आपण, म्हणजे एका फ्रेमला सेकंदाचा पन्नासावा भाग उजेड मिळतो. १००० फ्रेम काढायच्या म्हणजे एका फ्रेमला १/१००० पेक्षा जास्त वेळ देताच येत नाही, सरळ गणित आहे. म्हणजे २० पट कमी उजेड. तो कॅमेरा कुठून आणणार? आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, वाढवून. आणि एक इंची सेन्सरला आयएसओ वाढवलं की दाणे. तुमच्या धुरकटपणात अर्धा वाटा याचा आहे असं मला वाटतं, कारण तिवंधा काय, दिल्ली दरवाजा काय, जुन्या वाड्यांच्या मधले चौक ते, तीन-साडेतीनला सावली रहाडीवर यायला लागते. मार्चचं कडक ऊन डोक्यावर असताना १००० सुद्धा आयएसओ १२५ वर आरामात निघतं, आणि त्याच जागी तासाभराने सावलीत २५० ला पण रडायची वेळ येते. तुम्ही किती वाजता होतात ते लिहिलं नाहीये म्हणून नक्की सांगता येत नाही.

झूमचं पण बघा. ही लेन्स वाईडला एफ १.८ आहे आणि पूर्ण झूमला एफ २.८ (हा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त), म्हणजे झूम केल्या केल्या अडीच पट उजेड गेला. स्लो मोशनला झूम विसरा, पायांनी पुढे जा. वाईडला दुसरा फायदा फोकसचा. मॅन्युअलवर टाकून साधारण चार मीटरवर ठेवलं की एफ १.८ ला सुद्धा दोन मीटरपासून पुढचं सगळं चालण्यासारखं शार्प राहतं, म्हणजे स्टँडबायला फोकस लॉक झाला तरी फिकीर नाही.

पण पुढे जा म्हणजे रहाडीच्या काठावर जाऊ नका. हा कॅमेरा वॉटरप्रूफ नाहीये, आणि त्याची लेन्स आतबाहेर सरकते, एकदा का रंगाचं पाणी त्या नळीच्या फटीतून आत गेलं की रिपेअरवाला हात जोडतो. प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेणारे बघितलेत, दहा मिनिटांत आतून वाफ धरते. मी ओळख काढून कुणाच्या तरी पहिल्या मजल्याच्या गॅलरीत उभा राहतो, वरून रहाड पूर्ण दिसते आणि धप्प्याचं पाणी गोल फाकतं ते वरूनच छान येतं. आणि रहाड सांभाळणाऱ्या मंडळींना आधी विचारायचं, हौद वर्षभर बंद असतो आणि ते लोक पूजा करून उघडतात, त्यांच्या घरचं कार्य आहे ते. पोरीबाळी भिजलेल्या असतात, त्यांचे क्लोजअप न विचारता स्लो मोशनमध्ये काढून टाकणं मला अजिबात पटत नाही, लाईक कितीही येवोत.

हळदीचा लुकलुकाट वेगळा, त्यात ना कॅमेऱ्याचा दोष ना तुमचा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे विजेवरचे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला कळत नाही. तुम्ही २५० फ्रेमवर काढून दहा पट स्लो केलं की ते १०० वेळा कमीजास्त होणं सेकंदाला दहावर येतं, आणि १००० वर अडीचवर, म्हणजे कुणीतरी मेन स्विचशी खेळतंय असं दिसतं. यावर साधा उपाय म्हणजे १००पी आणि शटर १/१००, प्रत्येक फ्रेमला दिव्याचा एक पूर्ण ठोका मिळतो आणि लुकलुकणं जातं. हालचाल थोडी पुसट येते, चालतं. मंडपवाल्याचे रंगीत एलईडी पार, म्हणजे ते डब्यासारखे फोकस दिवे, मात्र वेगळंच प्रकरण आहे, ते मंद केले की त्यांचा स्वतःचा चालू-बंदचा ठेका सुरू होतो, त्यावर कुठलंच शटर नीट बसत नाही. त्याला सांगायचं, भाऊ हळद होईपर्यंत पार फुल ठेव. माझ्याकडे बॅटरीवरचा एक चांगला एलईडी पॅनेल असतो, हळदीला तोच जवळ लावतो. आणि हळद सकाळी उन्हात असेल तर प्रश्नच मिटला, मी तर पार्टीला आधीच सुचवतो.

तुम्ही १००० म्हणताय म्हणजे कॅमेरा पॅलवर, म्हणजे आपल्याकडच्या व्हिडिओ पद्धतीवर आहे, अमेरिकेकडच्या एनटीएससी पद्धतीवर हाच आकडा ९६० दिसतो. पॅलवरच राहू द्या. इंटरनेटवर कुणीतरी सांगतं की एनटीएससी केलं की १२० फ्रेम मिळतात, मिळतात खऱ्या, पण मग आपल्या दिव्यांखाली लुकलुकाट विकत घेतला, आणि कार्ड परत फॉरमॅट करायला लागतं ते वेगळंच.

४केचं थोडक्यात सांगतो कारण तिथे तुमचं फारसं काही चुकलेलं नाही. ४के मी कुठे वापरतो, तर जिथे कॅमेरा स्थिर आहे आणि समोर बारकावा भरपूर आहे. काळाराम मंदिराचा काळा दगड, पहाटेचा गोदाघाट, द्राक्षाच्या घडावरची ती पांढरी लव. ट्रायपॉडवर ठेवायचं, २५पी, शटर १/५०, आणि उन्हात कॅमेऱ्यातला उजेड कमी करणारा एनडी फिल्टर ऑन करायचा, या मॉडेलमध्ये तो आतच आहे आणि निम्म्या लोकांना माहीतच नसतो. भर उन्हात तो पण पुरत नाही, मग अॅपर्चर (लेन्सचं उजेड येण्याचं भोक) थोडं बंद करा नाहीतर शटर वाढवा, घाटावरच्या शांत शॉटला कुणाला काही कळत नाही. दुसरा उपयोग म्हणजे फायनल व्हिडिओ फुल एचडी असेल तर ४के मधून निम्म्यापर्यंत क्रॉप करता येतं, एकाच शॉटमधून लांबचा आणि जवळचा असे दोन निघतात. एकटा शूट करणाऱ्याला हे फार कामाचं आहे. या मॉडेलला ४के सलग पाचच मिनिटं चालतं, त्यामुळे भाषण, कीर्तन, गाण्याचा कार्यक्रम यासाठी ते विसरा. एप्रिल-मेच्या उन्हात तेवढं पण कधी कधी गरम होऊन बंद पडतं, मधे सावलीत ठेवायचं. बॅटऱ्या छोट्या आहेत, तीन तरी ठेवा.

कार्ड घेताना एक गोंधळ होतो. मेनूत रेकॉर्डिंगला १०० एमबीपीएस लिहिलेलं असतं ते म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट, भागिले आठ केलं की सेकंदाला साडेबारा एमबी, मिनिटाला ७५० एमबी. ६४ जीबी कार्डावर तासाच्या वर, म्हणजे साधारण ८० मिनिटं बसतात. कार्डावर इंग्रजी यू अक्षराच्या आत ३ लिहिलेलं हवं, ते नसेल तर कॅमेरा १०० ला नाहीच म्हणतो. स्वस्तातलं नकली कार्ड दगा देतं ते नेमकं कार्यक्रमात देतं, बिलाशिवाय घेऊ नका. आणि फाईल सापडत नाहीत म्हणून घाबरू नका, त्या फोटोंच्या फोल्डरमध्ये नसतात, प्रायव्हेट मग एम४रूट मग क्लिप असं आत आत जायचं.

लॅपटॉपवर अडकतं ते लॅपटॉपमुळे, फाईल ठणठणीत आहे. दाविंची रिझॉल्व्ह फुकट मिळतं, त्यात प्रॉक्सी बनवायच्या, म्हणजे एडिट करताना हलक्या फाईल आणि शेवटी एक्स्पोर्ट ओरिजिनलमधून. चहा होईपर्यंत प्रॉक्सी होतात. बराच चहा लागतो हे मान्य.

तर पुढच्या रंगपंचमीला माझ्या हिशोबाने असं ठेवा: २५० फ्रेम, क्वालिटी प्रायॉरिटी, ट्रिगर एंड, झूम पूर्ण वाईड, फोकस मॅन्युअल चार मीटर, शटर १/५००, ऊन असेपर्यंतच. ऊन गेलं की १००पी वर या. त्या आधी घरी गच्चीवर बादलीत भाच्याला उड्या मारायला लावून वीसेक वेळा एंड ट्रिगरची सवय करा, पाणी फुकट जातं म्हणून घरचे ओरडतील तेवढं सहन करा.

राहिला फोनचा प्रश्न. आयफोन १६ प्रो ४के मध्ये १२० फ्रेम काढतो, तुमच्या कॅमेऱ्याला ते जमत नाही, हे खरं आहे. उद्या पैसे असतील आणि फोन घ्यायचाच असेल तर घ्या. पण तो या कॅमेऱ्याच्या कितीतरी पट किमतीचा आहे, आणि लॉन्सवरच्या मंद केलेल्या पारखाली तो पण लुकलुकतोच, गेल्या सीझनला एका पार्टीच्या भावाने मला तोच व्हिडिओ दाखवून विचारलं होतं की दादा, फोन परत करू का.